टीबीचा पेशंट बरा होणार का? ‘हो की नाही’ एवढ्यावर भागत नाही. पहिल्याच दिवशी धोका ओळखणारं गणित समजून घ्या

टीबीचं, म्हणजे क्षयरोगाचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बरा होईल ना?’ डॉक्टरांचं उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच असतं, ‘होईल, फक्त गोळ्या चुकवू नका.’ उत्तर खरं आहे. औषधांना दाद देणारा साधा टीबी सहा महिन्यांच्या मोफत उपचारानं बरा होतो आणि बहुतेक रुग्ण बरे होतातही. तरीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात भारतात टीबीचे सुमारे २८ लाख नवे रुग्ण होते आणि तीन लाखांहून अधिक माणसं या आजारानं गेली.

औषध आहे, तेही फुकट आहे, मग माणसं का जातात? आणि कोणाला जास्त धोका आहे हे पहिल्याच दिवशी कळू शकतं का? बऱ्याच अंशी कळू शकतं. त्यासाठी कोणतं महागडं मशीन लागत नाही. लागतो तो वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून केलेला हिशेब. या हिशेबाला संख्याशास्त्रीय मॉडेल म्हणतात. नाव जड आहे, पण आतली गोष्ट दुकानाच्या वहीइतकी साधी आहे.

उपचाराचा शेवट एकाच प्रकारचा नसतो

आरोग्य खात्याकडे टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर होते. उपचार संपल्यावर तिथे नुसतं ‘बरा’ किंवा ‘वारला’ लिहून चालत नाही, रकाने जास्त आहेत. शेवटच्या तपासणीत बेडक्यात जंतू नाहीत हे सिद्ध झालं तर ‘बरा झाला’. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, पण तपासणीचा पुरावा नाही, तर ‘उपचार पूर्ण’. अखेरीसही जंतू सापडले तर ‘उपचार अयशस्वी’. औषधांना दाद न देणारा टीबी निघाला आणि गोळ्या बदलाव्या लागल्या तर ‘उपचार बदलला’. सलग महिनाभर किंवा जास्त काळ गोळ्या बंद झाल्या तर ‘संपर्काबाहेर’. आणि उपचार चालू असताना कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर ‘मृत्यू’.

यातल्या ‘संपर्काबाहेर’ रकान्याचं जुनं नाव होतं ‘डिफॉल्टर’. बँकेचं कर्ज थकवणाऱ्याला म्हणतात तेच. दवाखान्यात येणं परवडत नाही म्हणून थांबलेल्या माणसाला थकबाकीदार म्हणायचं, हा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये कागदावरून काढून टाकला. बोलण्यातून तो शब्द अजून गेलेला नाही, हा भाग वेगळा.

पहिले दोन रकाने चांगले, बाकीचे वाईट, असे दोनच ढीग केले की हिशेब सोपा होतो. अनेक अभ्यासांमध्ये तसं केलंही जातं. पण तिथेच खरी गोम आहे.

दोघांनाही २८ टक्के धोका, पण संकट वेगळं

समजा, एका गावात एकाच दिवशी दोन रुग्णांना टीबी निघाला. (पुढचे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही अभ्यासातले नाहीत.)

आधी नेहमीचा, फारसा धोका नसलेला रुग्ण धरा. त्याच्यासाठी धान्याचे वाटे घालावेत तसे वाटे घातले: यशस्वी उपचाराला १००, गोळ्या सुटण्याला ५, मृत्यूला ४, उपचार फसण्याला १. एकूण ११०. म्हणजे यशाची शक्यता ११० पैकी १००, साधारण ९१ टक्के.

आता पहिला रुग्ण. अंगात त्राण नाही, आधाराशिवाय उभं राहता येत नाही, वजन खूपच घटलेलं. जुन्या नोंदी सांगतात की अशा माणसाचा मृत्यूचा वाटा आठपट होतो. म्हणजे ४ चे ३२ झाले, बाकीचे वाटे तेच राहिले. एकूण १३८. यश ७२ टक्के, मृत्यू २३, गोळ्या सुटणं ४, फसणं १.

दुसरा रुग्ण धडधाकट दिसतो. पण दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारा आहे, दारूही आहे आणि मागे एकदा टीबीचा उपचार अर्धवट सोडलेला आहे. त्याचा गोळ्या सुटण्याचा वाटा सहापट होऊन ५ चे ३० झाले, मृत्यूचा ४ चा ६ झाला, उपचार फसण्याचा १ चा २ झाला. एकूण पुन्हा १३८. यश ७२ टक्के, गोळ्या सुटणं २२, मृत्यू ४, फसणं एक-दीड टक्का.

दोनच ढीग करणाऱ्या मॉडेलला विचारलं तर ते दोघांसाठी एकच उत्तर देईल: ‘वाईट शेवटाचा धोका २८ टक्के.’ त्यावर आरोग्य कर्मचारी दोघांच्याही घरी जाऊन एकच गोष्ट सांगेल, गोळ्या वेळेवर घ्या. दुसऱ्यासाठी हा सल्ला निदान विषयाला धरून तरी आहे. पहिल्याला मात्र त्याच आठवड्यात खाट, ऑक्सिजन आणि पोटात अन्न हवं होतं. त्याचा धोका गोळ्या विसरण्याचा नव्हताच. टीबीतले बरेच मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांतच होतात, त्यामुळे ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणायला वेळ नसतो.

प्रत्येक शेवटासाठी वेगळा वाटा काढणाऱ्या या पद्धतीचं नाव मल्टिनॉमियल लॉजिस्टिक रिग्रेशन. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. एक शेवट पाया म्हणून धरायचा, बाकी प्रत्येकाचा वाटा त्याच्या तुलनेत काढायचा आणि सगळ्यांची बेरीज १०० टक्के भरवायची, एवढंच तिचं काम.

आठपट, सहापट हे आकडे कुठून येतात?

कुणी डॉक्टर अंदाजानं ते सांगत नाही. हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरला दिल्या जातात: वय, वजन, उंची, मधुमेह आहे का, एचआयव्ही आहे का, आधी टीबी झाला होता का, दारू, आणि शेवटी काय झालं ते. कॉम्प्युटर प्रत्येक गोष्टीला काही वजन देऊन बघतो आणि त्यावरून आलेला अंदाज खऱ्या शेवटाशी ताडून पाहतो. चुकलं की वजन थोडं हलवतो. अंदाज आणि वस्तुस्थिती यांचा मेळ जास्तीत जास्त बसेपर्यंत हे चालतं.

मग परीक्षा. ज्या नोंदींवर मॉडेल शिकलं त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेतली तर ते शंभरपैकी शंभर मारेल. गुरुजींनी वर्गात सोडवून दिलेलीच गणितं पेपरात घालावीत, तसं ते होतं. म्हणून काही रुग्णांच्या नोंदी सुरुवातीलाच बाजूला झाकून ठेवतात आणि खरी परीक्षा त्यांच्यावर घेतात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा पुढच्या वर्षीच्या रुग्णांवर घेतली तर आणखी चांगलं. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात तयार केलेलं मॉडेल मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात तसंच चालेल याची खात्री नसते. दवाखान्याचं अंतर, खाणंपिणं, मजुरी, सगळंच वेगळं.

आणखी एक चूक शिकलेली माणसंसुद्धा करतात. मॉडेलला पहिल्या दिवशी माहीत असलेल्याच गोष्टी द्यायच्या असतात. कुणी हौसेनं ‘एकूण किती गोळ्या घेतल्या’ हा आकडा आत घातला, की मॉडेल एकदम हुशार दिसायला लागतं. दिसणारच. पहिल्या महिन्यात वारलेल्या माणसानं गोळ्या कमीच घेतलेल्या असतात. पण पहिल्या दिवशी तो आकडा असतोच कुठे? निकाल लागल्यावर मटक्याचा आकडा सांगण्यातला हा प्रकार आहे.

शेवट पायऱ्यांसारखे असतील तर

सगळ्याच आजारांत शेवट असे विखुरलेले नसतात. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचं उदाहरण घ्या. त्याच्यासाठी १९७५ पासून ‘ग्लासगो आउटकम स्केल’ ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात: मृत्यू, निव्वळ श्वास चालू पण भान नाही, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा. इथे खालची पायरी कुठली आणि वरची कुठली यावर वाद नाही, म्हणून क्रम लक्षात घेणारं वेगळं मॉडेल चालतं. त्याला कमी आकडे शोधावे लागतात आणि कमी रुग्णांच्या नोंदींवरही ते बरं काम करतं. टीबीत मात्र ‘गोळ्या सुटल्या’ आणि ‘उपचार फसला’ यांत वरचं कुठलं, खालचं कुठलं? ठरवता येत नाही. जबरदस्तीनं क्रम लावला तर हिशेब बिघडतो.

नव्वद टक्के बरोबर, तरी बिनकामाचं

मोबाइलवर बातम्या येतात, ‘एआय सांगणार आजाराचं भविष्य, अचूकता ९० टक्के.’ अशा आकड्यावर लगेच भाळू नये. टीबीच्या शंभर रुग्णांपैकी साधारण ८५ ते ९० जणांचा उपचार तसाही यशस्वी होतो. एखाद्यानं काहीही न तपासता प्रत्येकाला ‘तू बरा होणार’ असं सांगितलं तरी त्याची ‘अचूकता’ ८५ ते ९० टक्के भरेल. ज्यांना मदत हवी होती त्यातला एकही माणूस त्याला सापडलेला नसेल.

म्हणून विचारायचे प्रश्न वेगळे. जे वारले, त्यांच्यापैकी किती जणांना मॉडेलनं आधी ओळखलं होतं? ज्यांच्या गोळ्या सुटल्या, त्यांच्यापैकी किती? आणि ज्या शंभर जणांना ‘२० टक्के धोका’ सांगितला, त्यांच्यात खरंच वीसच्या आसपास जणांना ते झालं का? हवामान खात्याच्या अंदाजासारखंच आहे हे. ‘पावसाची शक्यता ३० टक्के’ असं शंभर दिवस सांगितलं असेल, तर त्यातल्या तीसेक दिवशी पाऊस पडला पाहिजे. ऐंशी दिवस पडला तर अंदाज सांगणाऱ्याचं गणित चुकलं, आणि तीनच दिवस पडला तरीही चुकलं.

रकाने जितके जास्त, तितके प्रत्येक रकान्यात रुग्ण कमी, ही दुसरी अडचण. ‘उपचार अयशस्वी’ रकान्यात एखाद्या तालुक्यात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच रुग्ण असतात. तेवढ्यावरून दहा गोष्टींची वजनं काढायला बसलं तर निव्वळ योगायोगाला नियम समजलं जातं. जुना ठोकताळा असा, की मॉडेलमध्ये घातलेल्या प्रत्येक गोष्टीमागे तशा किमान दहा घटना तरी नोंदींत हव्यात. हा ढोबळ आकडा आहे, पण एका तालुक्याच्या नोंदींवर असं मॉडेल का उभं राहत नाही ते त्यावरून कळतं. जिल्हे, राज्यं एकत्र करावी लागतात.

वहीत चूक, तर हिशेबात चूक

सगळ्यात मोठा घोळ नोंदीतच होऊ शकतो. एखादा मजूर उपचार चालू असताना कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला. तिथे फडातच त्याची तब्येत बिघडली आणि तो वारला. गावाकडच्या केंद्राला कळलंच नाही, तर त्याच्या नावापुढे ‘संपर्काबाहेर’ लागतं. उलटही होतं: कुणी तिकडच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेऊन ठणठणीत बरा होतो, पण इकडे तो हरवलेलाच राहतो. मॉडेल वहीत लिहिलंय तेच खरं मानतं. वहीत मृत्यू कमी दाखवले असतील, तर तेही धोका कमीच सांगणार.

वजनाचं तर विचारूच नका. काटा बंद म्हणून मागच्याच महिन्याचा आकडा पुढे ओढणं हा काही फक्त आरोग्य खात्यातला प्रकार नाही. पण इथे त्या आकड्यावर दोन गोष्टी ठरतात. रोजच्या गोळ्या किती ते वजनावरून ठरतं: प्रौढाचं वजन ३५ ते ४९ किलो असेल तर तीन गोळ्या, ५० ते ६४ किलो असेल तर चार. आणि धोक्याचा अंदाजही मुख्यतः वजनावरच उभा असतो.

तमिळनाडूनं काय केलं

हे सगळं कागदावरच आहे असं नाही. तमिळनाडू सरकारनं चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेसोबत एप्रिल २०२२ मध्ये ‘कासनोय इरप्पिला तिट्टम’ सुरू केला. अर्थ सरळ आहे, टीबीमृत्यू-मुक्त योजना. तिथे निदान झाल्याबरोबर सरकारी केंद्रातला कर्मचारी मोजक्या गोष्टी बघतो. उंचीच्या मानानं वजन फारच कमी आहे का? पायांवर सूज आहे का? श्वास मिनिटाला २४ पेक्षा जास्त वेळा चालतोय का? बोटावरचा ऑक्सिजन ९४ च्या खाली आहे का? आधाराशिवाय उभं राहता येतं का?

वजनाची रेषा त्यांनी बॉडी मास इंडेक्स १४ ला ओढली आहे. सव्वापाच फूट, म्हणजे १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं वजन ३५ किलो असेल तर तो या रेषेखाली येतो. पायांवर सूज असेल तर रेषा १६ वर जाते, कारण सुजेच्या पाण्याचंही वजन काट्यावर येतं आणि माणूस आहे त्यापेक्षा जड दिसतो. यातलं काही आढळलं तर रुग्णाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवून सखोल तपासणी करायची आणि भरती करायची.

२०२५ मध्ये याच्या पुढची पायरी आली. सुमारे ५६ हजार रुग्णांच्या नोंदींवरून तयार केलेलं मॉडेल कर्मचाऱ्यांच्या ॲपमध्ये जोडलं गेलं. याच गोष्टी भरल्या की मृत्यूची शक्यता टक्क्यांत समोर येते. गंभीर रुग्णांमध्ये ती १० ते ५० टक्के निघते, बाकीच्यांमध्ये १ ते ४ टक्के. नुसतं ‘गंभीर’ लिहिलेला कागद टेबलावर पडून राहू शकतो. ‘४५ टक्के’ वाचल्यावर रुग्णवाहिकेला फोन करायला हात लवकर उचलतो.

हे ॲप एकाच शेवटाकडे, मृत्यूकडे बघतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे घाई सर्वात जास्त आहे. पण वर पाहिलेला ऊसतोडीचा रुग्ण त्यात ‘धोका कमी’ म्हणूनच निघेल. त्याला पकडायचं तर इतर रकान्यांचा हिशेब लागतो, आणि त्यासाठी वेगळी माहिती विचारावी लागते: पुढचे सहा महिने कुठे असणार, मुकादमाचा नंबर काय, तिथे जवळचं केंद्र कुठलं.

शिक्का नव्हे, शक्यता

इथे एक धोका आहे. ‘गोळ्या सुटण्याची शक्यता जास्त’ असं एकदा स्क्रीनवर आलं की त्या माणसाकडे बघायची नजर बदलते. ऊसतोड कामगार म्हणजे पळून जाणारच, दारू पितो म्हणजे सांगून उपयोग नाही. मॉडेलनं हे म्हटलेलं नसतं. कोणत्या गोष्टीबरोबर कोणती गोष्ट दिसते एवढंच त्याला कळतं. का दिसते, ते कळत नाही. घेतलेली उचल फेडायची असते, फडावर सुट्टी नसते, गोळ्या गावाकडच्या केंद्रात राहतात, ही कारणं त्याच्या रकान्यांत नसतातच. ७२ टक्के यश म्हणजे अशा शंभरातले बहात्तर जण गोळ्या पुऱ्या करून बरे होतात.

आणि अशा अंदाजाची गंमत म्हणजे तो कामाला आला की खोटा ठरतो. ४५ टक्के धोका असलेला रुग्ण वेळेत भरती झाला आणि चालत घरी आला, तर मॉडेल चुकलं का? मॉडेल सांगत असतं की पूर्वी अशा माणसांचं काय झालं. या माणसाचं तसं होऊ नये, यासाठीच तर तो आकडा काढला होता.

आकडा हलवता येतो याचा चांगला पुरावा झारखंडमधून आलेला आहे. २०१९ ते २०२२ या काळात तिथल्या चार जिल्ह्यांत टीबीच्या २,८०० रुग्णांना औषधांसोबत दरमहा रेशन दिलं गेलं. या ‘राशन्स’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. पाच टक्के म्हणजे ४० किलोच्या माणसासाठी फक्त दोन किलो. घरातल्या इतरांनाही रेशन मिळालं, तिथे त्यांना नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं.

महाराष्ट्रातल्या रुग्णालाही निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत थेट बँक खात्यात पैसे मिळतात. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. त्यासाठी निक्षयवर नोंद आणि खात्याचा बरोबर नंबर लागतो. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असला तरी ही नोंद होते.

कामासाठी बाहेरगावी जायचं असेल तर आधी आपल्या केंद्रात किंवा आशाताईंना सांगावं. निक्षयवरची नोंद दुसऱ्या तालुक्यात, जिल्ह्यात किंवा राज्यातही पाठवता येते आणि गोळ्या तिथल्या सरकारी केंद्रात मिळतात. रुग्णाला धाप लागत असेल, पाय सुजले असतील किंवा धरल्याशिवाय उभं राहता येत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. टीबीबाबत माहितीसाठी निक्षय संपर्क हा टोल-फ्री क्रमांक आहे: १८००-११-६६६६.